बाई नुसत्या आल्या

२४ जून १९८९

माझ्यामुळे आज एका पोराने मार खाल्ला. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तारोडीत उतरले होते. सहावीतल्या एकाची जन्मतारीख चुकीची लागली आहे, ती विचारायची होती, एवढंच. बापाने मला दारात पाहिलं आणि आधी पोराच्या पाठीत धपाटा घातला. मग वळून मला म्हणाला, "बोला बाई, काय केलन यानं?"

म्हटलं, काही नाही हो. जन्मतारीख हवी होती.

बाप ओशाळला. पोर रडलं नाही. माझ्याकडे बघत राहिलं. भाईंदर येईपर्यंत ते डोळे समोर होते.

३ जुलै

साळवी गुरुजींना सांगितलं. ते हसले. "बाई, तुम्ही शहरातल्या शाळेतून आलात म्हणून. डोंगरी, तारोडी, इकडे सगळीकडे हेच. दारात मास्तर म्हणजे दारात हवालदार."

म्हणजे आपणच करून ठेवलंय हे. एरवी कोणी जात नाही, पोराने काच फोडली की जातो.

ठरवलं. यापुढे कोणाच्या घरी पाऊल टाकायचं ते चांगलं सांगायला. तक्रार असेल ती मी आणि ते पोर शाळेत बघून घेऊ.

नीलू म्हणते, "आई, प्रत्येकाचं चांगलं काय सांगणार तू? काहींचं नसतंच." कॉलेजात गेल्यापासून तिचं सगळं असं.

शोधीन म्हटलं.

११ जुलै

सातवीतल्या मार्थाकडे गेले. मोठी माणसं घरातच. पावसाळ्यात बोटी बंद. बाप, पास्कोल, ओट्यावर जाळं विणत बसलेला. आई, आग्नेस, मला बघताच आत वळली. मला वाटलं पाट आणायला. आली ती केरसुणी घेऊन.

"सांगा. काय केलन माजे पोरीनं?"

पास्कोल जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला, "आदी आयक तरी. मंग मार."

मी सांगितलं. पाचवीचा वर्ग गळतो म्हणून ती पोरं आमच्यात बसवली होती, नुसता कालवा. मार्थाने पुस्तक उघडलं आणि त्यांना गोष्ट वाचून दाखवली. एक पोर हललं नाही.

"मंग?"

"मग काही नाही."

"मंग आयल्या कशाला?"

"हेच सांगायला."

आग्नेसने नवऱ्याकडे बघितलं. "पास्कोल, यांना मासली पायजे असंल."

"पावसाचे दिवसांत मासली कुठशी देशील? सुके बोंबील दे."

नको नको म्हणताना पिशवीत पडलेच. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही मागच्या दाराशीच उभ्या राहा."

मी निघाले तेव्हा मार्था घराच्या दाराआडून बघत होती. तिला कळत नव्हतं की हसावं की पळावं.

२९ जुलै

आणखी चार-पाच घरं झाली. ज्याची जन्मतारीख चुकली होती त्याच्याकडे मुद्दाम गेले. पोर फळा इतका स्वच्छ पुसतं की वरचा कोपरासुद्धा सोडत नाही, बाकावर चढून पुसतं. ते सांगितलं. बापाचा हात वर गेला आणि या वेळी पोराच्या डोक्यावर नुसता टेकला. काय करावं ते त्या हाताला माहीत नव्हतं.

नीलूला सांगितलं. "फळा पुसतो हे चांगलं?" म्हटलं, हो. पण नंतर ती स्वतःच म्हणाली, "वरचा कोपरा कोणीच पुसत नाही, खरं आहे."

२२ ऑगस्ट

बोटी गेल्या. आता गावात दिवसा बायका आणि म्हातारे.

गल्लीत शिरले की बायका ओरडतात, "आज कनचे घरा साखर?" पोरं पळत नाहीत. उलट मागे येतात, कोणाकडे वळतेय ते बघायला. एक पोरगी म्हणाली, "बाई, आमच्याकडं कंदी येनार? मी कालपासून चांगली वागते."

साळवी गुरुजी म्हणाले, "आमच्या राजापुरात तार आली की लोक आधी रडायचे, मग वाचायचे. तुमचं उलटं झालंय. तुम्ही आलात की आधीच हसतात."

मलाही बरं वाटतं, खोटं कशाला लिहू. हे गेल्यापासून कोणाच्या दारात माझ्या येण्याने असं काही झालं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, या विचारात लोकांचे चेहरे कसनुसे होतात, तेच बघत आलेय. इथे लांबून हाक येते.

१६ सप्टेंबर

आग्नेस बाजारातून परतताना आमच्या बिल्डिंगीत आली. पहिल्यांदाच. टोपली खाली वॉचमनकडे ठेवून जिना चढून वर. शेजारच्या बेन दारात उभ्या, पदर नाकाला. "बाई, मच्छी इधर नहीं लाने का."

"मच्छी नीचे है, बेन. वास मेरा है."

नीलू आत जाऊन हसत सुटली. चहाला बसली तेव्हा आग्नेसने भिंतीवरचा फोटो बघितला.

"तुमचा दादला?"

"हो."

"कंदी?"

सांगितलं. तिने छातीवर क्रूस केला, आणि चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "आमचे तिकरं बायका फोटो लावत न्हाय लवकर. लावला म्हंजे गेला."

खाली पोचवायला गेलो तर टोपलीतलं पापलेट काढून नीलूच्या हातात. "पोरीला द्या. पोरगी वाळली."

१४ ऑक्टोबर

आज मोठी गोष्ट झाली.

तारोडीत मुली सातवीनंतर घरी बसतात. आई बाजाराला जाते, मुलगी वलांडीवर बोंबील टांगते, धाकट्यांना बघते, दोन वर्षांत डोक्यावर टोपली. मार्थाचंही तेच ठरलेलं. हायस्कूलचं मी आडून आडून काढत होते. आज पास्कोल घरी होता, बोट बर्फ भरायला लागली होती, तर सरळच बोलले.

आग्नेस म्हणाली, "टोपली मी उचलली आठवीचे वयात. मान गेली माजी. बघा." मानेमागचा घट्टा दाखवला, बैलासारखा. "हिची मान तशी न्हाय करायची मना. पन घरा कोन बघंल?"

पास्कोल म्हणाला, "शिकू दे गो. मी हाय ना."

"तू कुठं हाय? तू पान्यावर हाय."

"पान्यावर हाय म्हनून तर हाय."

दोघंही हसली. आग्नेसने माझ्याकडे वळून सांगितलं, "धा‌वी. तवर टोपली न्हाय. तुमी सांगता म्हनून. तुमी खोटा सांगत न्हाय."

मार्थाला कोणी काही विचारलं नाही. ती चुलीपाशी बसून कांद्याची साल काढत होती, एकाच कांद्याची, संपेपर्यंत.

२० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. मार्था वर्गात पुढच्या बाकावर आपण होऊन येऊन बसली. आठवीत इंग्रजीचं पुस्तक जाड असतं का, विचारते.

९ डिसेंबर

मार्था आली नाही. दोन दिवस नाही. ताप असेल. थंडी पडली आहे.

१२ डिसेंबर

ताप नाही.

साळवी गुरुजींनी सांगितलं. पास्कोलची बोट आलेली नाही. तिच्या मागून गेलेल्या आल्या, बर्फ संपला, डिझेल संपलं असणार, तरी नाही. बोट पास्कोलच्या थोरल्या भावाची, आंतोनची. तो या फेरीला गेला नव्हता, पाठ धरली होती म्हणून. खलाशी सगळे बाहेरगावचे. आंतोन दुसऱ्या बोटी घेऊन शोधायला गेला आहे.

कोणी म्हणतं इंजिन बंद पडून वाहत गेली असेल, गुजरातकडे लागेल. कोणी म्हणतं मोठं जहाज.

मोठं जहाज म्हणजे काय ते मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "बाई, त्यांना खालची होडी दिसतच नाही."

१४ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

शाळा सुटल्यावर तारोडीला गेले. दुसरं काही मनात नव्हतं. जवळ बसावं, मार्थाच्या डोक्यावरून हात फिरवावा, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती, तिने मला बघितलं आणि ती ओरडली, "बाई आयली गो! बाई आयली!" पुढच्या दारातून दुसरीने तेच म्हटलं. मग तिसरीने. हाक माझ्या पुढे पळत गेली. मला कळलंच नाही काय चाललंय. मी वेड्यासारखी चालत राहिले. कोणीतरी माझा हात धरून दाबला. कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

शाळेशेजारच्या दुकानात फोन आहे. सगळ्या बंदरांवरचे निरोप तिथेच येतात. शाळेकडून बाई आली, म्हणजे...

हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. गल्लीच्या तोंडाशीच.

आग्नेस अनवाणी धावत आली. केस सुटलेले. हसत होती. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं, तोंडभर, दात दिसेपर्यंत, लहान मुलीसारखं. माझे दोन्ही खांदे धरले.

"कनचे बंदराला लागली? वेरावळ? कनचे बंदराला?"

मागे मार्था. मागे आख्खी गल्ली.

मी म्हटलं, "आग्नेस, मी नुसती आले."

तिला कळलं नाही. हसू तसंच होतं. "कनचे बंदराला?"

"नुसती आले गं. तुला भेटायला."

"नुसती?"

हात खांद्यावरून निघाले. आधी एक, मग दुसरा. रडली नाही. ओरडली नाही. माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, "तुमी नुसत्या कंदी येत न्हाय."

आणि आत गेली. दार उघडंच होतं. आत या, कोणी म्हणालं नाही.

१५ डिसेंबर

शाळेत गेले नाही. नीलूने विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हटलं.

पाच महिने मी त्या घरी जात होते. एकदाही नुसती गेले नाही. दर वेळी पदरात काहीतरी बांधून. त्यालाच मी नातं म्हणत होते.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. गावात चांदण्या लावल्या होत्या, बसमधून दिसल्या. त्या गल्लीत एका दारावर नव्हती.

सगळे म्हणत होते नाताळला येईल. नाताळला कुठूनही येतात.

८ जानेवारी १९९०

मार्था शाळेत आली. मागच्या बाकावर बसली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, पाठ केल्यासारखं म्हणाली, "आई म्हणते बाईंनी घरी येऊ नये."

बरं म्हटलं.

"लोक धावतात म्हणून," ती म्हणाली. मग आणखी हळू, "मी पण धावले होते."

तिला जवळ घेतलं. ताठ उभी राहिली. लाकडासारखी.

३० जानेवारी

मार्था येते, बसते, जाते. गणितं लिहून घेते, उत्तर लिहीत नाही. आठवड्यातून दोन दिवस येतच नाही. त्या दिवशी ती वलांडीवर असते, तिच्या वर्गातल्या मुलीने सांगितलं. आग्नेस बाजाराला जातच नाही आता, किनाऱ्यावर बसते. येणाऱ्या बोटीचा रंग बघते आणि परत बसते.

गावात कोणी तिला सांगितलं आहे की पाकिस्तानने पकडून नेलं असेल, तिकडून दोन-दोन वर्षांनी माणसं सुटून येतात. ते तिने घट्ट धरलं आहे.

मी सातवीच्या बाकी सगळ्या घरांतही जायची थांबले. हेडसर म्हणाले, बरं केलंत, जरा निवू द्या. काय निवायचं आहे?

१७ फेब्रुवारी

आंतोन शाळेत आला. उंच माणूस, दाराच्या चौकटीत वाकून. बाकावर बसेना. उभ्यानेच बोलला.

त्यांना एक फळी मिळाली आहे. बोटीची. रंग ओळखतो, त्याने स्वतः लावला होता. मिळाल्याला बरेच दिवस झाले. आग्नेसला सांगितलेलं नाही. फादरनी गेलेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना, मिस्सा, ठेवायचं म्हटलं, तर ती फादरांना म्हणाली, जित्या माणसाची मिस्सा करता?

"तुमी सांगा," आंतोन म्हणाला.

"मी?"

"आमचा कोनाचा आयकत न्हाय. तिला वाटते बोटीचे पैशापायी आमी खोटा बोलताव. तुमी खोटा सांगत न्हाय. गावात सगली म्हनतात. तिचा पन तेच म्हनना हाय."

म्हटलं, तिनेच मला येऊ नको म्हणून सांगितलंय.

"म्हनून तर," तो म्हणाला. "तुमी गेल्या तर तिला कलंल कायतरी हाय."

बाहेर मार्था पोरांच्या रांगेत उभी होती. काकाला बघून तिने तोंड फिरवलं. तिला फळीचं माहीत आहे. आत्ता लिहिताना लक्षात आलं. तिला माहीत आहे, आणि ती रोज आईशेजारी जेवायला बसते.

१९ फेब्रुवारी

मला सांगायला आलेला माणूस आठवतो. ह्यांच्या ऑफिसातला, बुटका, घामाघूम. आधी पाणी मागितलं. मग नीलूची इयत्ता विचारली. मग मी चहा टाकते म्हटलं तर टाका म्हणाला. पूर्ण कप प्यायला. खाली ठेवला. मग सांगितलं.

किती वर्षं मी त्याच्यावर चिडून होते. चहा प्यायला म्हणून.

आज वाटतं, तो पीत होता तोवर माझ्या घरात कोणी गेलं नव्हतं. तेवढा वेळ त्याने मला दिला. निदान त्याला देता येत होता. आता मी काय करू? किती चहा पिऊ?

१० मार्च

गेले. गल्लीतून नाही, मागून, किनाऱ्याच्या बाजूने. कोणी हाक मारू नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला.

ती वाळूत बसली होती, गुडघे पोटाशी. तिची पाठ होती माझ्याकडे. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिला कळलं होतं कोण आहे. वळली नाही.

"पोरीनं काय चांगला केलन?" तिने समुद्राकडे बघत विचारलं.

मार्थाने काही केलेलं नव्हतं. आणि खोटं...

थोडा वेळ उभी राहून परत आले. आंतोन वाटेत भेटला, लांबूनच. नाही अशी मान हलवली मी. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

२ एप्रिल

परीक्षा जवळ आली. मार्था परीक्षेला बसेल की नाही माहीत नाही. बसली नाही तर सातवी नापास, आणि नापास मुलीला हायस्कूल कोण देतं? आणि घरी तर काय, टोपली तयारच आहे.

साळवी गुरुजींनी कालपासून तिच्या बाकावर आपल्या डब्यातली पोळी नेऊन ठेवायला सुरुवात केली आहे. काही बोलत नाहीत. "सूनबाई जास्त देते," एवढंच. सूनबाई नाहीच त्यांना.

१८ एप्रिल

आज आग्नेस शाळेत आली.

कधीच आली नव्हती. प्रवेशालाही पास्कोल आला होता. तास चालू होता. ती दारात उभी. काळं लुगडं नाही, नेहमीचंच, फिकट झालेलं. मार्थाचा चेहरा पांढरा पडला.

मी बाहेर गेले. व्हरांड्यात बाक आहे तिथे ती बसली. मी शेजारी.

"पोरगी कशी हाय?" तिने विचारलं.

मी काहीतरी चांगलं शोधायला लागले. सवयीने. तिचं अक्षर अजून छान आहे. लहान पोरं तिच्याकडेच जातात. तोंड उघडलंसुद्धा होतं.

मग म्हटलं, "बरी नाही. गणितात काहीच लिहीत नाही. खिडकीबाहेर बघते. परवा मी ओरडले तर उठून निघून गेली. दोन मुलींशी मारामारी केली, एकीचे केस उपटले. असंच राहिलं तर नापास होईल."

एवढ्या दिवसांत पहिली तक्रार. कोणाच्याही आईकडे केलेली.

आग्नेसने मान हलवली. हळूहळू, पुष्कळ वेळा. "हां," म्हणाली. "हे खरा. घरा पन तशीच हाय. मना वाटला इकरं चांगली असंल नि मनाच तरास देते."

"नाही. इकडेही तशीच."

"मंग बरा," ती म्हणाली.

आतून पोरांचा पाढ्यांचा आवाज, साळवी गुरुजींनी माझा वर्ग घेतला होता. आग्नेसने हात मांडीवर ठेवले होते. बोटांच्या चिरांमध्ये मीठ. मी त्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, ठेवला नाही.

मग ती म्हणाली, "तुजेकडं अजून कायतरी हाय."

पहिल्यांदा मला तू म्हणाली.

मी खाली फरशीकडे बघितलं.

"आंतोन आयलता इकरं. पोरीनं सांगितला न्हाय, गावानं सांगितला. तवापासून समदी माजेशी हलू बोलतात. मी पागल न्हाय."

"आग्नेस..."

"आज नको." तिने हात वर केला, पोराला थांबवावं तसा. "आज नको सांगू. अजून बोटी येतात. रोज येतात. एक आयली की मी बघते. पावसाचे आदी समद्या वर घेतील, पान्यात एक न्हाय ऱ्हानार. मंग कोनाची वाट बघू? मंग ये तू. मंग सांग."

उठली. दारात जाऊन वर्गात बघितलं, पोरीकडे. मार्था उभी राहिली होती.

"परीक्षा दे," आग्नेस म्हणाली. "मारामारी करू नको. केस उपटले तर घरा बघीन तुला."

आणि गेली. मार्था खाली बसली, बाकावर डोकं टेकलं, आणि डिसेंबरपासून पहिल्यांदा रडली. वर्गातल्या कोणी हसलं नाही. जिचे केस उपटले होते ती उठून तिच्याशेजारी जाऊन बसली.

५ मे

निकाल. मार्था पास. काठावर. गणितात हेडसरांनी डोळे मिटले असतील तर मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही.

शाळा सोडल्याचा दाखला जूनमध्ये हायस्कूलला नेला पाहिजे. कोण नेणार? आईने न्यायचा, सही करायची. सही कुठे करायची ते सांगायला मी जाईनही. पण बापाचं नाव लिहितात तिथे पुढे काय लिहायचं, ते ती मलाच विचारणार.

२७ मे

नीलू म्हणाली, "आई, तू झोपेत बोलतेस." काय बोलते विचारलं. "कोणाला तरी चहा देतेस."

सुट्टी आहे तरी मी बसने तारोडीवरून पुढे उत्तनपर्यंत जाऊन येते. उतरत नाही. खिडकीतून बोटी मोजायचा प्रयत्न करते, जमत नाही. कंडक्टर आता ओळखतो. "बाई, आज पण नुसत्याच?"

नुसतीच म्हटलं.

२ जून

बोटी ओढायला सुरुवात झाली. खाली ओंडके टाकतात, दोर बांधतात, आख्खं गाव दोराला लागतं, बायकासुद्धा. एक वर आली की थोडा वेळ थांबतात, मग पुढची. आग्नेस दोराला होती. मी बसमधून बघितली. पाठमोरी होती, पण मान ओळखली.

मनात सारखी वाक्यं जुळवते. आग्नेस, फळी मिळाली. आग्नेस, आंतोनने रंग ओळखला. आग्नेस, तू फोटो लाव. एकही तोंडातून निघेल असं वाटत नाही. नीलूसमोर एकदा बोलून बघितलं, भाजी निवडताना. नीलू म्हणाली, "सरळ सांग आई. ती तुला सरळच विचारते." हिचं एवढंसं तोंड, आणि केवढं बोलली.

५ जून

सकाळी निघाले. पांढरी साडी नेसले होते, ती बदलली. पिशवीत काही घेतलं नाही. घ्यायचं होतं असंही नाही.

तारोडीला उतरले. गल्लीत शिरले. पदर डोक्यावर घेतला नाही. म्हातारी बसली होती. तिने मला बघितलं आणि मान खाली घातली. कोणी हाक मारली नाही. दारांतून बघत होते, मी गेले की आत होत होते. एवढी लांब गल्ली आहे ती, मला माहीत नव्हतं.

आग्नेसचं दार उघडं. ओट्यावर मार्था, धाकट्या भावाचे केस विंचरत होती. उठून उभी राहिली.

"आई किनाऱ्यावर आहे," ती म्हणाली. मग पुढे सांगू की नको असं करून, "बाई, सगळ्या वर नाही आल्या अजून. एक आहे. तिचं इंजिन उघडलंय, आज जमत नाही म्हणाले. उद्या ओढणार."

मी किनाऱ्याच्या तोंडापर्यंत गेले. खरंच होती. एकटीच, उथळ पाण्यात, दोराला बांधलेली, हलत होती. आग्नेस तिच्यासमोर बसली होती. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. मधे वाळू.

तिने एक हात वर केला. ये म्हणून नाही. थांब म्हणून.

मी थांबले. मग मार्थाला म्हटलं, दाखला मी घेऊन ठेवलाय, माझ्याकडे आहे.

उद्या येते म्हटलं.